न दिसणारी लाली

वाचक विचारतात, तज्ज्ञ सांगतात

गेल्या अंकातल्या एका उत्तरात आम्ही ओझरतं लिहिलं होतं, की मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेचा दुर्मीळ लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग) अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा जास्त गाठतो, कमी वयात गाठतो आणि जास्त महागात पडतो. त्या एका वाक्यावर आलेली पत्रं पाहून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. त्वचाविकार, पॅथॉलॉजी आणि रक्तविकार या तीन शाखांतल्या आमच्या सल्लागारांनी मिळून उत्तरं लिहिली आहेत.

नावात ‘फंगॉइडिस’ आहे, म्हणजे ही बुरशी का? घरात दुसऱ्याला लागते का?
– वाचक, सातारा

दोन्हींचं उत्तर नाही. झाँ-लुई आलिबेर यांनी पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात १८०६ साली या आजाराची पहिली नोंद केली. त्यांच्या रुग्णाच्या अंगावरच्या गाठी भूछत्रांसारख्या दिसत होत्या, त्यावरून पुढे हे नाव पडलं आणि चिकटलं. बुरशीचा संबंध उपमेपुरताच. प्रत्यक्षात हा टी-पेशींचा, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी एका जातीचा कर्करोग आहे. या पेशी रक्तातून त्वचेत येऊन तिथेच ठाण मांडतात. अशा आजारांच्या कुळाला ‘त्वचेचा टी-पेशी लिम्फोमा’ म्हणतात आणि त्यात मायकोसिस फंगॉइडिस सगळ्यांत जास्त आढळतो. फाइलवर हे नाव वाचून दुकानातून बुरशीचं मलम आणू नका, त्याने काहीही होणार नाही.

त्वचेचा कर्करोग म्हटलं की गोरी माणसं आणि ऊन आठवतं. काळ्या त्वचेला मेलॅनिनचं (त्वचेच्या रंगद्रव्याचं) संरक्षण असताना हा उलटा प्रकार कसा?
– वाचक, अटलांटा, जॉर्जिया

मेलॅनिन वाचवतं ते उन्हापासून. मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, अमेरिकेत गोऱ्यांना कृष्णवर्णीयांपेक्षा वीसेक पट जास्त होतो, त्यात उन्हाचा वाटा मोठा आहे. मायकोसिस फंगॉइडिसला ऊन लागत नाही. तो सुरू होतो तोच बहुधा कपड्यांखाली: कमरेखाली, नितंबांवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला, स्तनांवर, काखेलगत. उलट अतिनील किरण हा त्याच्यावरचा उपचार आहे. त्यामुळे ‘काळ्या माणसाला त्वचेचा कॅन्सर होत नाही’ हे सरसकट वाक्य या आजारापुरतं फक्त चूक नाही, घातक आहे. रुग्ण स्वतः तेच मानून चालतो आणि पुष्कळदा डॉक्टरही.

आता आकडे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणीतली १९७३ ते २००२ या काळातली माहिती २००७ साली प्रसिद्ध झाली. त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमाचं प्रमाण दर वर्षी दर दहा लाखांमागे ६.४ होतं. कृष्णवर्णीयांत ते ९.०, गोऱ्यांत ६.१. पुरुषांत ८.७, स्त्रियांत ४.६. आजार दुर्मीळच, पण दुर्मिळातही दीडपट.

वयाचाही फरक आहे. गोऱ्या रुग्णाचं निदान साधारण पन्नाशीच्या शेवटी किंवा साठीत होतं. कृष्णवर्णीय रुग्ण त्याहून बरेच तरुण असतात आणि त्यांच्यात स्त्रियांचा वाटाही मोठा असतो. तिशीतल्या बाईच्या मांडीवरचे चट्टे पाहून लिम्फोमा कोणाच्या मनात येणार? इसब, बुरशी, साबणाची ॲलर्जी अशा पायऱ्या चढत वर्षं जातात. सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय नोंदणीत पहिल्या चट्ट्यापासून निदानापर्यंतचा मध्यक काळ ३६ महिने निघाला. म्हणजे निम्म्या रुग्णांना तीन वर्षांहून जास्त वेळ लागला.

मी मिरजेत एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुस्तकात ‘लालसर, बारीक पापुद्रा असलेले चट्टे’ असं वर्णन आहे. आपल्याकडच्या रुग्णांत लाली दिसतच नाही. मग बघायचं काय?
– विद्यार्थी वाचक

तुमची अडचण पुस्तकाची आहे, तुमच्या डोळ्यांची नाही. त्वचारोगाच्या प्रमुख इंग्रजी पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांची २०२० साली मोजणी झाली, तेव्हा गडद त्वचेची चित्रं एकाही पुस्तकात पाचव्या हिश्शापर्यंत पोहोचली नव्हती. त्वचेच्या रंगाची जी फिट्झपॅट्रिक श्रेणी आपण पाठ करतो तिचं मूळही पाहा. ती १९७५ साली प्रकाशोपचाराचा (अतिनील किरणांच्या उपचाराचा) डोस ठरवण्यासाठी गोऱ्यांच्या त्वचेवरून बनली. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा व सहावा प्रकार मागाहून जोडले गेले.

गडद त्वचेत तोच दाह जांभळट, राखाडी, चॉकलेटी किंवा आजूबाजूच्या त्वचेपेक्षा नुसता काळपट दिसतो. ट्यूबलाइटखाली तो हरवतो. रुग्णाला खिडकीजवळ उभं करा, प्रकाश बाजूने पडू द्या आणि कपडे पूर्ण काढून पाहा. शर्टाची बाही वर करून हा आजार सापडत नाही. बोट फिरवा. जाड झालेला चट्टा डोळ्यांआधी बोटाला कळतो. सपाट जुन्या चट्ट्यावर त्वचा दोन बोटांत हलकेच जवळ आणली, तर सिगारेटच्या कागदासारख्या बारीक सुरकुत्या उमटतात, ही खूण रंगावर अवलंबून नाही. खरवडल्यावर पातळ कोंडा निघतो, सोरायसिससारखा चंदेरी थर नव्हे.

गडद त्वचेत या आजाराची तीन रूपं ओळखता यायला हवीत.

पहिलं, फिकट चट्ट्यांचं. चट्टे शेजारच्या त्वचेपेक्षा फिके, पण कोडासारखे दुधी पांढरे नाहीत. कडा विरत गेलेल्या, खाज थोडी किंवा नाहीच. हे रूप कृष्णवर्णीयांत, भारतीयांत, एकूणच गडद त्वचेच्या लोकांत दिसतं, गोऱ्यांत विरळा. लहान मुलांतही प्रामुख्याने हेच. सूक्ष्मदर्शकाखाली यातल्या पेशी पुष्कळदा सीडी८ जातीच्या निघतात (सीडी म्हणजे पेशीवरची ओळखखूण), नेहमीच्या मायकोसिस फंगॉइडिसमध्ये त्या सीडी४ असतात. या पेशींच्या हल्ल्यात रंगपेशींचं काम मंदावतं, म्हणून चट्टा फिकट.

दुसरं, काळपट चट्ट्यांचं. हे जास्त फसवं, कारण ते ‘जुन्या खाजेचे डाग’ म्हणून सोडून दिलं जातं.

तिसरं, केसांच्या मुळांभोवतीचं. बारीक पुटकुळ्या, त्या जागचे केस गळालेले, भुवया विरळ, मुरुमांसारखं दिसणारं काहीतरी आणि प्रचंड खाज. यात आजार खोलवर असतो, त्यामुळे वरवरचे उपचार तिथपर्यंत पोहोचत नाहीत.

एक सूक्ष्म गोष्ट परीक्षेत विचारणार नाहीत, पण पुढे लागेल. अंगभर पसरलेल्या अवस्थेला ‘लाल त्वचा’ या अर्थाचं ग्रीक नाव आहे, एरिथ्रोडर्मा. काळ्या माणसात ती लाल दिसत नाही. त्वचा सर्वत्र जाड, राखाडी-काळपट, कोंडा झडणारी असते, तळहात-तळपाय भेगाळतात. नावात लाली आहे म्हणून लाली शोधत बसलात तर समोरची ही अवस्था दिसणार नाही.

माझ्या भाच्याच्या (वय १९) मांड्यांवर आणि कमरेवर फिकट चट्टे आहेत. आधी शिबं म्हणून मलम दिलं, मग कोड म्हणाले, आता कुष्ठरोगाची शंका आहे. घरचे हादरलेत. गेल्या अंकातलं वाचून नवीनच भीती शिरली.
– वाचक, चंद्रपूर

ताई, आधी क्रम लावू. तुमच्या भागात फिकट चट्टा दिसला की कुष्ठरोग तपासणं योग्यच आहे. डॉक्टर वावगं काही करत नाहीत. कुष्ठरोग या लिम्फोमापेक्षा कितीतरी जास्त आढळतो, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो.

त्याला नेल्यावर चार गोष्टी झाल्या का ते बघा. चट्ट्यावर कापसाच्या टोकाने आणि थंड-गरम नळीने संवेदना तपासणं, डोळे मिटवून. कोपराच्या आतल्या बाजूची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची आणि मानेवरची नस जाड झाली आहे का हे चाचपणं. कोंडा खरवडून पोटॅशच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. शिबं असतील तर बुरशीचे तंतू आणि गोल पेशी एकत्र दिसतात. अंधारात वुड्स दिव्याखाली (अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली) पाहणं. कोड असेल तर चट्टा निळसर पांढरा चमकतो, बाकी फिकट चट्टे तसे उजळत नाहीत.

संवेदना शाबूत, नसा ठीक, बुरशी नाही, दिव्याखाली चमक नाही, आणि चट्टे सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ कपड्यांखालच्या भागात टिकून असतील तर पुढची पायरी तुकडा काढून तपासणं, म्हणजे बायोप्सी. संवेदना शाबूत आहे एवढ्यावर कुष्ठरोग पूर्ण बाद होत नाही, अगदी सुरुवातीच्या चट्ट्यात ती असू शकते. त्यामुळे तुकडा दोन्ही प्रश्नांसाठी उपयोगी पडतो. फॉर्मवर दोन्ही शंका लिहायला सांगा.

तोवर एक पथ्य. दुकानात मिळणारं स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम लावू नका. त्याने चट्टा दबतो, बुरशी असेल तर चिवट होते आणि तुकड्यातली खूणही पुसली जाते. आणि भीतीबद्दल: एकोणीस वर्षांच्या मुलाच्या फिकट चट्ट्यात लिम्फोमा निघालाच, तरी ते बहुधा त्याचं सौम्य रूप असतं.

दोन बायोप्सी झाल्या. दोन्हींत ‘जुनाट इसब’. आता तिसरी करू म्हणतात. विम्याची कंपनी कुरकुरते आहे. खरंच गरज आहे का?
– वाचक, एडिसन, न्यू जर्सी

बहुधा हो. या आजारात पहिला अहवाल ‘इसब’ येणं हा अपवाद नाही, जवळजवळ नियम आहे. सुरुवातीला त्वचेत वाईट पेशी थोड्या असतात आणि साध्या दाहाच्या पेशींची गर्दी जास्त. तुकडा चुकीच्या जागचा, चुकीच्या वेळचा किंवा अपुरा असेल तर उत्तर चुकतंच. तिसरी बायोप्सी पहिल्या दोनसारखीच करायची असेल तर मात्र पैसे वाया जातील. काय वेगळं करायचं ते असं:

तुकडा घ्यायच्या जागी लावायचं स्टिरॉइडचं मलम दोन ते चार आठवडे आधी बंद हवं. खाज सहन होत नसेल तर बाकी अंगाला लावा, पण दोन-तीन चट्टे ‘राखून’ ठेवा. प्रकाशोपचार चालू असेल तर तोही थांबवून. हे न पाळल्याने पुष्कळ तुकडे वाया जातात.

जागा निवडताना सगळ्यांत जुना, सगळ्यांत जाड आणि न खाजवलेला चट्टा. किमान दोन वेगवेगळ्या जागा. फिकट आणि काळपट असे दोन्ही प्रकार अंगावर असतील तर दोन्हींतून एकेक. पंच (तुकडा काढायचं गोल पातं) ४ ते ६ मिलिमीटरचा. पातळ चट्ट्यातून उथळ पण रुंद तुकडा घेतला तर पॅथॉलॉजिस्टला वरच्या थराची मोठी पट्टी मिळते, आणि गंमत तिथेच असते: टी-पेशी खालून चढून वरच्या थरात ओळीने बसलेल्या किंवा छोट्या घोळक्यांत जमलेल्या.

फॉर्मवर फक्त ‘चट्टे, निदान काय?’ असं जाऊ देऊ नका. किती वर्षं, कुठे कुठे, काय लावलं, कधी थांबवलं, त्वचेचा रंग आणि ‘मायकोसिस फंगॉइडिसची शंका’ असं स्पष्ट शब्दांत. पॅथॉलॉजिस्टला जे विचाराल ते तो शोधतो. पेशींवरच्या खुणांचे रंग मागवा: सीडी२, सीडी३, सीडी५, सीडी७, सीडी४, सीडी८, सीडी२० आणि सीडी३०. सीडी७ हरवलेला असणं संशय वाढवतं. आधीच सांगितलेली अडचण इथे पुन्हा येते. फिकट चट्ट्यात सीडी८ पेशी जास्त असतात, आणि सीडी४ चीच वाट पाहणारा पॅथॉलॉजिस्ट तो तुकडा साधा दाह म्हणून बाजूला ठेवू शकतो. तुमचे जुने ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि काचा मागवून घ्या आणि त्वचेच्या लिम्फोमाचं काम नियमित करणाऱ्या केंद्रात दुसऱ्या मतासाठी पाठवा. बऱ्याचदा नवा तुकडा न घेताही उत्तर मिळतं.

टी-पेशींच्या जनुकाची चाचणी सांगितली असेल. तिचा अर्थ नीट समजून घ्या. सगळ्या पेशी एकाच मूळ पेशीच्या वंशातल्या आहेत का, एवढंच ती सांगते. दोन वेगळ्या जागी तोच वंश सापडला तर वजन मोठं. एकाच जागी सापडला तर तो साध्या आजारातही असू शकतो, आणि नाही सापडला म्हणून सुटलो असंही नाही.

आणखी एक. ‘इसब’ म्हणून डुपिलुमॅबची इंजेक्शनं सुरू करायचा बेत असेल तर आधी हा प्रश्न निकालात काढा. या औषधावर असताना दडलेला लिम्फोमा उघडा पडल्याच्या किंवा बळावल्याच्या नोंदी बऱ्याच आहेत. विमा कंपनीला पाठवायच्या पत्रात हे वाक्य डॉक्टरांना लिहायला सांगा. एका बायोप्सीच्या खर्चापुढे त्या इंजेक्शनांचं बिल पाहिलं की कुरकूर थांबते.

पहिली अवस्था, दुसरी अवस्था हे नेमकं कशावर ठरतं?
– वाचक, नागपूर

त्वचेचा किती भाग, गाठी, लसिका ग्रंथी (काखेतलं-जांघेतलं अवधाण), आतले अवयव आणि रक्त यांवर. मोजमाप घरातही समजेल असं आहे: रुग्णाचा स्वतःचा बोटांसकट पंजा म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. दहा पंजांपेक्षा कमी भागात सपाट किंवा किंचित जाड चट्टे म्हणजे १-अ, दहा किंवा जास्त म्हणजे १-ब. ग्रंथी सुजल्या पण त्यात आजार ठळक नाही, तर २-अ. एक सेंटिमीटर किंवा मोठी गाठ आली की २-ब. अंगाचा ८० टक्के किंवा जास्त भाग व्यापला की तिसरी. ग्रंथीत, रक्तात किंवा अवयवात पक्का आजार म्हणजे चौथी.

ब्रिटनमधल्या १,५०२ रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांनंतर या आजाराने दगावलेले नाहीत असे रुग्ण १-अ मध्ये ९८ टक्के होते, १-ब मध्ये ८९, २-ब मध्ये ५६. १-ब आणि २-ब यांमधली दरी पाहा. वेळेत निदान व्हावं म्हणून आम्ही कानीकपाळी ओरडतो ते या दरीमुळे.

गडद त्वचेत मोजणी करताना फिकट चट्टे ‘रंग गेलेले जुने डाग’ म्हणून सोडले जातात आणि बारा पंजे सहा होतात. फिकट चट्टा चालू आजार म्हणूनच मोजायचा.

कृष्णवर्णीयांचं जास्त नुकसान होतं ते जनुकांमुळे की विम्यामुळे? ‘वंश’ ही तर माणसाने पाडलेली विभागणी. मग अभ्यासात ती वापरायचीच कशाला?
– वाचक, बोस्टन

वाद घालावा असा प्रश्न आहे. आधी पुरावा मांडतो.

अमेरिकेत नव्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्क्यांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय माहितीसाठा आहे. त्यातल्या मायकोसिस फंगॉइडिसच्या ४,४९५ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. कृष्णवर्णीय रुग्ण कमी जगले. अवस्था, उत्पन्न, विमा, उपचार या सगळ्यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही फरक उरला. म्हणजे विमा हे पूर्ण उत्तर नाही. पण यावरून लगेच ‘मग जनुकंच’ असं म्हणणारे घाई करतात. नोंदवहीत ‘विमा आहे’ असं लिहिलेलं असतं. ‘आठवड्यातून तीनदा पगार बुडवून चाळीस मैल दूरच्या प्रकाशोपचाराला जाता आलं नाही’ असा रकाना तिच्यात नसतो. निदानाला उशीर किती झाला, बायोप्सी आधी किती वेळा चुकली, हेही नसतं. संपूर्ण त्वचेला इलेक्ट्रॉन किरण देणं किंवा रक्त बाहेर काढून प्रकाशात पेशी मारून परत देणं हे उपचार मोजक्या मोठ्या केंद्रांतच आहेत.

दुसऱ्या बाजूला, न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधला १५७ कृष्णवर्णीय रुग्णांचा अभ्यास २०२० साली आला. एकाच रुग्णालयात, एकाच वंशाच्या रकान्यातल्या या लोकांत फिकट चट्टे असलेल्यांचं बरं चाललं आणि फिकटपणा नसून नुसते काळपट चट्टे असलेल्यांचं वाईट. ‘कृष्णवर्णीय’ हा एक शब्द दोन वेगळ्या वाटांनी जाणाऱ्या आजारांवर टाकलेलं पांघरूण आहे, हे यातून दिसतं. आमचं मत असं: शेरा वंशाचा नको, चट्ट्याच्या रूपाचा हवा. पण रकाना काढूनही टाकू नका. तो नसता तर दहा लाखांमागे नऊ आणि सहा हा फरक कोणाच्या ध्यानातच आला नसता.

जाता जाता, आपल्यापुरतं. अमेरिकेच्या बहुतेक अहवालांत चिनी, फिलिपिनो, कोरियन, पंजाबी आणि मराठी माणूस ‘आशियाई व प्रशांत बेटवासी’ या एकाच खोक्यात जातो. त्या खोक्याचा आकडा कमी दिसतो म्हणून न्यू जर्सीतल्या सावळ्या मराठी माणसाने निश्चिंत होण्यात अर्थ नाही. त्याच्या चट्ट्यांचं रूप त्या खोक्यातल्या शेजाऱ्यापेक्षा अटलांटातल्या कृष्णवर्णीयाच्या चट्ट्यांशी जास्त जुळणारं असू शकतं.

प्रकाशोपचाराच्या पेटीत काळ्या त्वचेला आणि गोऱ्या त्वचेला डोस सारखाच देतात का?
– फिजिओथेरपी विभागातील वाचक, कोल्हापूर

नाही. अरुंद पट्ट्याच्या यूव्हीबी या अतिनील किरणांत (तरंगलांबी ३११ नॅनोमीटर) अमेरिकी मार्गदर्शनानुसार सुरुवात सगळ्यांत गोऱ्या त्वचेला दर चौरस सेंटिमीटरला १३० मिलिज्यूल, सगळ्यांत गडद त्वचेला ४००. आठवड्यातून तीनदा आणि दर वेळी थोडी वाढ. गडद त्वचेत मेलॅनिन किरण अडवतं, म्हणून कमी डोसवर अडकून राहिलं तर महिनोन्महिने पेटीत उभं राहून हाती काही लागत नाही. ‘उपचार लागू पडला नाही’ असा शेरा मिळतो, खरं तर तो पोहोचलेलाच नसतो. उलटी चूकही होते. गोऱ्या त्वचेवर जास्त डोसाची लाली दुसऱ्या दिवशी दिसते आणि तंत्रज्ञ थांबतो. गडद त्वचेवर ती दिसत नाही. दर खेपेला विचारा: काल रात्री आग झाली का, अंथरूण टोचलं का, हात लावला की गरम लागतं का. ‘हो’ आलं तर डोस वाढवू नका.

काखा, स्तनांखालची घडी, नितंबांमधली फट आणि तळपाय या जागी प्रकाश पडत नाही, आजार तिथे लपून राहतो. हात वर, पाय फाकवून उभं करणं एवढ्याने बराच फरक पडतो. केसांच्या मुळांभोवतीच्या रूपाला यूव्हीबी पुरत नाही, सोरालेनची (त्वचेला प्रकाशाबाबत संवेदनशील करणारी) गोळी आणि यूव्हीए हे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण लागतात. त्या गोळीनंतर २४ तास उन्हात डोळ्यांना यूव्हीए अडवणारा चष्मा हवाच. फिकट चट्टे या उपचाराने छान भरतात, रंग परत येतो हीच प्रगतीची खूण. पण पेटी एकदम बंद केली की ते परत येणं नेहमीचं आहे, हळूहळू खेपा कमी करत न्या.

अमेरिकेत २०१३ पासून मेक्लोरेथामिन या कर्करोगाच्या औषधाचं त्वचेला लावायचं जेल मिळतं. गडद त्वचेत त्याने आग होऊन मागे काळे डाग राहतात. रुग्ण त्यालाच आजार वाढला समजतो आणि जेल टाकून देतो. हे आधी सांगितलेलं बरं.

माझ्या सहकाऱ्याचं कुटुंब मूळचं जमैकाचं. त्याला हाच आजार सांगितला आहे. आणखी काही तपासायला हवं का?
– वाचक, टोरांटो

एचटीएलव्ही-१ या विषाणूची प्रतिपिंड चाचणी. रक्ताची आहे, एकदाच करायची. कॅरिबियन बेटं आणि नैऋत्य जपान इथे हा विषाणू बराच आहे. त्यामुळे होणारा टी-पेशींचा लिम्फोमा त्वचेवर हुबेहूब मायकोसिस फंगॉइडिससारखा दिसू शकतो, पण चाल आणि उपचार वेगळे. ही गल्लत इतकी जुनी आहे, की रॉबर्ट गॅलो यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने १९८० मध्ये जाहीर केलेला हा माणसातला पहिला रेट्रोव्हायरस (एचआयव्हीच्या कुळातला विषाणू) त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमाचं निदान झालेल्या एका कृष्णवर्णीय रुग्णाच्या पेशींतूनच मिळाला होता.

चट्टे वाढले की कमी झाले हे घरी कसं कळावं? फोनवरच्या फोटोत सावळ्या अंगावर काहीच दिसत नाही.
– वाचक, मडगाव

फ्लॅश बंद. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीशी, ऊन थेट अंगावर न घेता, प्रकाश बाजूने येईल असं उभं राहा. फोनचं ‘सुंदर दिसण्याचं’ सेटिंग बंद करा, ते नेमका चट्टाच पुसतं. मागे साधी राखाडी किंवा निळी चादर. पांढऱ्या भिंतीपुढे फोन अंग आणखी काळं दाखवतो. चट्ट्यावर बोट टेकवून फोकस आणि उजेड तिथे लॉक करा. शेजारी पट्टी धरा. एक फोटो हातभर अंतरावरून आणि एक वीतभर अंतरावरून, दर सहा आठवड्यांनी, त्याच जागी, तेल किंवा मलम लावायच्या आधी. आणि फोटोच्या तारखेशेजारी त्या महिन्यात काय लावत होतात ते लिहून ठेवा. मलम थांबवल्याची तारीख पुढच्या बायोप्सीच्या फॉर्मवर लागणार आहे.